रविवारची झोप

"ताई, पप्पांचं सामान साधारण किती असेल हो? म्हणजे त्या हिशोबानं कपाट रिकामं करून ठेवते," असं स्वीटीनं फोनवर विचारलं तेव्हा हन्ना रांजणगावच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मटकीच्या उसळीत पाव बुडवत होती. स्वीटी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, डॅनीची बायको. नागपूरला असते, महिन्यातून एखादा फोन करते आणि तोही कामाचाच. कुठलं सामान, असं हन्नानं विचारलं. पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला आणि स्वीटी आवाज खाली आणून म्हणाली, "पप्पांनी सांगितलं नाही? ते इकडे येतायत ना, कायमचे. येत्या मंगळवारी हे जाणारेत त्यांना आणायला. पप्पाच म्हणाले होते, हन्नाला माझं मी सांगतो, तुम्ही कुणी सांगू नका. परवा विचारलं तर म्हणाले, सांगायला गेलो दोन-तीनदा, पण ती झोपली होती." हन्ना पटकन म्हणाली, "हो, हो, बोलले होते मला. माझ्याच डोक्यातून गेलं बघ." फोन ठेवल्यावर तिनं पाव परत उचलला तर तो भिजून तुटला आणि उसळीत पडला. तिनं तो चमच्यानं काढून खाल्ला, कारण तीन वाजेपर्यंत दुसरं काही मिळणार नव्हतं आणि संध्याकाळी जिना चढायचा व्यायाम होता.

झोपली होती. हे काही खोटं नव्हतं. हन्नाची सगळी पंचाईत अशी की आठवड्याला एकच रविवार येतो आणि तिला तो तिघांना वाटून द्यावा लागतो: धावण्याला, चर्चच्या उपासनेला आणि दौंडला एकट्या राहणाऱ्या पप्पांना. मम्मी गेल्यावर त्या वर्षी शिरूरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सकाळी सकाळी भिंती अंगावर यायला लागल्या म्हणून ती पहिल्यांदा घोडनदीच्या पुलापर्यंत गेली होती, चालत. मग परत येताना थोडी पळाली. त्याचं पुढं एवढं होईल असं तिला वाटलं नव्हतं. आता पुण्याचे पृथ्वीराज सर फोनवर आठवड्याचा कार्यक्रम पाठवतात, तीन आठवड्यांनी डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत आहे, आणि चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, क्वालिटी डिपार्टमेंटातली बाई हायवेच्या कडेनं घामाघूम होऊन पळते हे बघून शिरूरच्या चर्चच्या मंडळीनं कौतुक, काळजी आणि टवाळी असं सगळं करून झालं आहे. रविवारची धाव सगळ्यात लांब असते. ती अंधारात उरकता आली असती तर बाकीचा दिवस मोकळा मिळाला असता, पण न्हावऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, उसात बिबट्या, त्यामुळे चांगलं उजाडल्याशिवाय घर सोडायचं नाही. म्हणजे आधी उपासना गेली. पाळकसाहेब भेटले की "सिस्टर, दिसत नाही हल्ली," म्हणतात आणि ती त्यांच्या चपलांकडे बघते. उरलेला दिवस पप्पांचा. धावून यायचं, अंगावर पाणी ओतायचं, धावतपळत एसटी गाठायची, दौंडला दुपारी पोचायचं, पप्पांनी करून ठेवलेली रस्सा-भाकरी पोटभर जेवायची, आणि मग "जरा पाठ टेकते हं, पप्पा" म्हणून कॉटवर जे पडायचं ते थेट चहाच्या वासानं उठायचं. चहा पिऊन होईपर्यंत शेवटच्या गाडीची वेळ झालेली असायची. आपण दर रविवारी बापाला भेटायला जातो, असं ती कंपनीत सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायका म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी.

इसहाक साळवे, म्हणजे पप्पा, दौंडला मालगाडीचे ड्रायव्हर होते. मालगाडीला वेळ नसते. कधीही कॉलमन यायचा, दार वाजवून ड्युटी सांगून जायचा, आणि मम्मी पीठ मळायला घ्यायची. लाइनवर गेले की मनमाड, सोलापूर, कुठं कुठं, आणि परत आले की झोप. हन्नाला लहानपणचे पप्पा आठवतात ते पाठीकडून. बनियन घातलेली रुंद पाठ, डिझेलचा आणि साबणाचा मिसळलेला वास, चादरीबाहेर आलेली पावलं. ड्युटीवरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा त्यांच्या घरातला नियम दहा आज्ञांच्या वरचा. ड्रायव्हरची झोप अर्धी झाली तर गाडीचं काय होईल हे मम्मी नुसत्या डोळ्यांनी सांगायची. ती कुकर लावायची नाही, शिटी होते म्हणून. भात पातेल्यात शिजायचा. भाजीवाल्याला लांबूनच हात करायची. डॅनी आणि हन्ना खुणांनी भांडायचे, चिमटे काढायचे आणि चिमटा बसलेल्यानं तोंडावर हात दाबून रडायचं. हन्ना पप्पांना सांगायच्या गोष्टी साठवून ठेवायची. शाळेत पळण्यात पहिला नंबर आला, ते. बाईंनी वर्गासमोर उभं करून गाणं म्हणायला लावलं, ते. दाराच्या चौकटीला टेकून ती त्यांच्या पावलांकडे बघत बसायची, की पाऊल हललं म्हणजे आता उठतील. पप्पा उठायचे, आंघोळ करायचे, जेवायचे आणि कॉलमन आलेला असायचा. मग ती गोष्ट पुढच्या वेळेपर्यंत ठेवायची, आणि पुढच्या वेळेपर्यंत ती शिळी व्हायची, आपल्यालाच सांगाविशी वाटेनाशी व्हायची. किती गोष्टी अशा शिळ्या झाल्या. त्यांची तिला अजून भूक आहे, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

गुरुवारची रात्र, शुक्रवार, शनिवार, हन्ना तेच तेच उगाळत राहिली. पप्पा जाणार यापेक्षा ते आपल्याला सांगू शकले नाहीत, हे तिला जास्त लागलं. आणि त्याच्याखाली आणखी एक होतं, ते मशीनवरचे सुटे भाग मापताना, कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकताना, सारखं वर यायचं. नागपूरलाच का? शिरूर दौंडपासून केवढंसं लांब. पण मुलगा असताना बाप मुलीकडे राहत नाही. त्यात ती एकटी. मंडळीत काय बोलतील, हे पप्पांना तिच्याहून जास्त कळतं. आणि मुख्य म्हणजे तिनं कधी बोलावलं होतं? "या की एकदा शिरूरला, राहा चार दिवस," एवढं सुद्धा ती म्हणाली नव्हती, कारण दुसऱ्या खोलीत व्यायामाची चटई पसरलेली असते, रात्री नऊला दिवे घालवायचे असतात, आणि बापाला काय वाटेल, पोरगी जेवणात भात मोजून घेते. तिला तो एकटेपणा आवडायला लागला होता. आवडायला लागला होता की सवय झाली होती, हे तिला शनिवारी रात्री बुटांच्या नाड्या सैल करताना सांगता येईना. पृथ्वीराज सरांचा निरोप आलेला होता, की उद्याची धाव सोडायची नाही, हीच शर्यतीच्या आधीची खरी परीक्षा. तिनं त्याखाली अंगठा पाठवला. मग मनाशी ठरवलं की उद्या धावायचं नाही, पहिल्या गाडीनं दौंडला जायचं आणि दिवसभर जागं राहायचं. पप्पा त्यांच्या तोंडानं सांगतील. त्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं. बाकी काय हवं होतं त्याच्याकडे तिनं बघितलं नाही.

सकाळी मात्र शरीरानं आपलं आपलं ठरवलं. गाडीला वेळ आहे तोवर जरा पाय मोकळे करू, म्हणून ती बूट घालून उजाडताच बाहेर पडली आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. थंडी होती. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर जाऊन रस्त्यावर पाचट सांडलेलं, त्यावरून पाय पडले की चुरचुर आवाज. पहिली काही मिनिटं नेहमीसारखी जड गेली, घोटा कुरकुरला, आणि मग सगळं एकदम सुटलं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. श्वास आपोआप येत होता, खांदे खाली होते, एका वस्तीवरचं कुत्रं नुसतं बघून परत झोपलं. तिला वाटलं, हीच ती धाव, जिच्यासाठी एवढे दिवस केले. असंच गेलं तर अकरापर्यंत होईल, मग आंघोळ, मग एसटी, मग भाकरी. आणि मग झोप. पुढचं तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिची चाल बिघडली. मम्मीच्या शेवटच्या दिवसांत पप्पा रिटायर होऊन घरी होते, दिवसभर मम्मीच्या उशाशी बसायचे, आणि मम्मी औषधानं झोपलेली असायची. आयुष्यभर एकानं झोपायचं आणि दुसऱ्यानं जागायचं, असं त्या दोघांचं झालं. एकदा हन्ना आत गेली तर पप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होते. तिला वाटलं प्रार्थना असेल, म्हणून ती दारातच डोकं झाकून थांबली, आणि ती आलेली कळताच ते गप्प झाले. हे सगळं आठवत असताना मागून हॉर्न वाजला. ती कडेला झाली आणि वळून बघितलं तर शिरूर-दौंड एसटी. पाय थांबायला तयार नव्हते, हात मात्र वर गेला. गाडी थोडी पुढं जाऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मॅडम, कुणी मागं लागलंय काय?" ती म्हणाली, "नाही. दौंड." तिनं फोनच्या कव्हरमधली नोट पुढं केली. गाडीतले सगळे तिच्याकडे बघत होते. दौंडला निघालेल्या एका आजींनी काही न विचारता आपल्या पिशवीतला टॉवेल काढून तिच्या मांडीवर टाकला. इनामगावचा फाटा मागे पडला तेव्हा घाम वाळून तिला हुडहुडी भरली होती, आणि अर्ध्यात टाकलेली धाव पायात तशीच शिल्लक होती, गुडघे आपोआप हलत होते. भीमेचा पूल ओलांडेपर्यंत ती टॉवेल गळ्याशी धरून बसली.

पप्पांचं घर रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या सोजराबाई धुणं वाळत घालत होत्या. "आज ही येवढ्या लवकर कशी? पळून न्हाई आलीस व्हय?" त्यांनी विचारलं. हन्ना म्हणाली, अर्धंच पळाले, मावशी. सोजराबाईंनी चादर झटकली. "बरं झालं बाई. आज तरी आमचा मिक्सर चालंल. तू आली की तुझा बाप आमाला टीव्ही बारीक करायला लावतोय. पोरास्नी गल्लीत चेंडू खेळू देत न्हाई. पोरगी ड्युटीवरनं आलीया म्हनतो, झोपू द्या म्हनतो. आता पळणं ही काय ड्युटी हाय का?" त्या हसत होत्या. हन्नाही हसली. आजवर तिला वाटायचं की म्हाताऱ्या माणसाच्या घरात अशी शांतता असतेच. ती दारापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि मग कडी वाजवली.

पप्पा उपासनेला जायच्या तयारीत होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पवित्र शास्त्र. तिला बघून आधी तिच्या पायांकडे बघितलं. "काय झालं? पाय दुखावला का?" ती म्हणाली, काही नाही, मधूनच एसटी पकडली. "का?" लवकर यावंसं वाटलं म्हणून. पप्पांनी हे ऐकलं आणि शास्त्र पुन्हा फळीवर ठेवलं. "सर रागावतील की तुझं," ते म्हणाले. तिला मम्मीच्या कपाटातला एक गाऊन काढून दिला, पाणी तापवलं, आणि उपासनेला गेले नाहीत. आणि मग तो दिवस सुरू झाला, जो तिला हवा होता. दोघं जागी होती, घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि बोलायला काही सापडेना. नळाला पाणी दिवसाआड येतं. गुडघ्याला नवीन तेल लावतो. डॅनीचा मोठा आता दहावीला. डॅनीचं नाव आलं तेव्हा हन्नाचा हात कांदा चिरता चिरता थांबला, पण पप्पा तिथूनच वळले आणि कांदे महाग झाल्याचं सांगू लागले. कॉटखाली नवी कोरी बॅग ढकलून ठेवलेली तिला दिसली. तिनं ती बघितलेली पप्पांना दिसली. तरीही दोघांनी कांद्यांचंच पुढं चालवलं. तिला एकदम रडू यायला लागलं, बरं की कांदा होता. ती स्वतःवर चिडली. एवढी वर्षं या माणसाच्या जागं होण्याची वाट बघितली, आता तो समोर खुर्चीवर बसलाय, चष्मा पुसतोय, आणि आपल्याला त्याच्याशी बोलता येत नाही. कधी शिकलोच नाही. त्यांनाही येत नाही. तिला वाटलं, सरळ विचारावं, पप्पा, मंगळवारी जाताय ना. पण मग ते नुसतं हो म्हणतील, आणि झालं.

जेवण झालं. ताटं उचलताना पप्पा म्हणाले, "पड जरा." ती म्हणाली, आज दमले नाही मी. "आगं पड की. सवय हाय तुला." त्यांच्या बोलण्यात इतकी अजिजी होती की ती कॉटवर आडवी झाली आणि डोळे मिटले. झोप नव्हतीच. मिटल्या डोळ्यांनी ती घर ऐकत राहिली. खिडकीची एक फळी लावली गेली, मग दुसरी. पंखा एका आकड्यानं कमी झाला, कारण जास्त केला की तो खडखडतो. अंगावर चादर आली. दारातून पप्पांचा दबका आवाज, "ए, तिकडं खेळा रे." मग खुर्ची उचलल्याचा, सरकवल्याचा नाही, उचलून जवळ आणून ठेवल्याचा अंदाज तिला आला, तोही तिच्या पायाशी पडलेल्या सावलीवरून, पापणीच्या फटीतून. "हन्ना," पप्पा अगदी हळू म्हणाले, "झोपलीस का?" ही उठवायची हाक नव्हती. झोपल्याची खात्री करून घ्यायची होती. तिनं श्वास लांब सोडला.

"तर मंगळवारी निघायचं," पप्पा बोलू लागले. "मागल्या खेपेला सांगितलं तुला, पन ते अर्धंच ऱ्हायलं, तुझी गाडी होती." हन्नानं चादरीखाली मूठ आवळली. म्हणजे सांगितलं होतं त्यांनी. दर रविवारी सांगत होते. "डॅनी चांगला हाय. स्वीटी बी चांगली हाय, तिनं कपाट रिकामं केलंय. तक्रार काय न्हाई. चौथा मजला हाय, गाडीचा आवाज न्हाई यायचा, त्याला काय इलाज." लांबून मालगाडी येत होती. ती जाईपर्यंत ते बोलले नाहीत. "तू हितं येऊन झोपतीस ना, मला लई बरं वाटतं. कुणीतरी दमून भागून आपल्या घरी झोपाया आलंय, असं. तुमच्या मम्मीला काय वाटत आसंल माझ्या झोपंचं, ते मला आता कळाय लागलंय. तवा वाटायचं, मी झोपतोय, ह्यास्नी काय त्याचं. नागपूरला काय तू झोपाया येनार न्हाईस." ते खाकरले. "शिरूरला तुझ्या दोन खोल्या हायत. मला एक कोपरा बास. लोक म्हनतील, ल्योक आस्ताना पोरीकडं ऱ्हातोय. म्हनू देत. पन तुला ड्युटी, तुझं पळणं, त्यात आनखी म्हातारं कुठं गळ्यात घालून घेतीस. म्हनून इचारत न्हाई मी. तुला नको म्हनाय जड जाईल."

हन्नाला कळेना की आता श्वास कसा घ्यायचा. झोपलेलं माणूस असा श्वास घेत नाही. डोळे उघडले तर ते ओशाळतील, उठून चहाचं आधण ठेवतील, आणि हे बोलणं पुन्हा कधी होणार नाही. नाही उघडले तर मंगळवार येईल. तिच्या आत लहानपणची हन्ना चौकटीला टेकून उभी होती आणि ती डोळे वटारून सांगत होती, उठवू नको. तिनं एवढे दिवस डोंगर चढायचा सराव केला होता, थांबावंसं वाटतं तिथून पुढं कसं जायचं हे पृथ्वीराज सर सारखे सांगायचे, पण हे त्यात कुठं बसत नव्हतं. ती उठून बसली.

पप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "कवापासनं जागी हायस?"

"झोपलेच नव्हते."

"मंग सगळं ऐकलंस."

"हं."

त्यांनी मान खाली घातली. पांढऱ्या शर्टावर रश्श्याचा डाग पडला होता, तो ते नखानं खरवडू लागले. "म्हाताऱ्या माणसाचं बोलनं," ते म्हणाले. "मनावर घेऊ नको. चहा ठेवतो, तुझी गाडी हाय."

"गाडी राहू द्या, पप्पा. आता मला विचारा."

"काय इचारू?"

"आत्ता जे विचारत नाही म्हणालात, ते."

पप्पा उठले, पुन्हा बसले. चार-चार हजार टन कोळसा मागं घेऊन घाट उतरलेला माणूस, त्याला ते एक वाक्य निघेना. शेवटी त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि प्रार्थनेला बसल्यासारखे डोळे गच्च मिटून घेतले.

"मी येऊ का गं तुझ्याकडं ऱ्हायला?"

हन्नानं मान हलवली. लहानपणच्या सवयीनं नुसतीच हलवली, दोनदा, तीनदा. पप्पा तसेच बसले होते, डोळे मिटून, उत्तराची वाट बघत, आणि तिचं हो त्यांना दिसत नव्हतं. तेव्हा तिनं छाती भरून श्वास घेतला आणि त्या घरात आजवर कुणी बोललं नसेल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "या."